आधी कागद दाखव



हा अंक तीन आठवडे उशिरा तुमच्या हातात पडतोय. छापखान्याचं बिल थकलं म्हणून नव्हे. ते पहिल्या अंकापासून थकलेलंच आहे. उशीर झाला कारण संपादक म्हणवणारा मी एकवीस दिवस एका म्युनिसिपल इस्पितळाच्या पॅसेजमध्ये पुठ्ठा टाकून झोपत होतो. आई नळावरून हंडा आणताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तुमची पत्रं, कविता, शिव्या, सगळं पिशवीत तसंच पडून राहिलं. त्याच पिशवीत आईचे एक्सरे होते.

आपल्यातले काही विद्वान म्हणतील, घरचं रडगाणं अग्रलेखात कशाला, व्यवस्थेवर लिही. भावांनो, व्यवस्था म्हणजे काय आभाळात टांगलेली चीज आहे? मी तिला एकवीस दिवस समोरासमोर बघून आलोय. ती जाळीच्या खिडकीपलीकडं बसते. एक ते दोन जेवायला जाते. मान वर न करता म्हणते, आधी कागद दाखव.

पहिली रात्र सांगतो. मी गोदीत ठेकेदाराकडं आहे. त्या दिवशी दुसऱ्या पाळीत लोखंडाच्या कॉइली उतरवत होतो. शेजारच्या पोराचा फोन आला. घरी पोचलो तर आई दारात आडवी, एक पाय आखूड झाल्यासारखा, बाहेरच्या अंगाला वळलेला. ओठ चावून गप्प. चौघांनी चादरीत घालून टॅक्सीत टाकलं. नाक्यावरच्या नर्सिंग होमात काउंटरवरच्या पोरीनं आईकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. अंगाला ग्रीस, पायात फाटका बूट. म्हणाली, पन्नास हजार डिपॉझिट. डॉक्टरच्या आधी तिनंच आम्हाला तपासलं आणि आमचा रोग बरोबर ओळखला.

तिथून मोठ्या इस्पितळात. केसपेपर, कॅज्युअल्टी, एक्सरे, पुन्हा केसपेपर. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामाला चहापाणी. पहाटे चारला वॉर्डात पोचलो तेव्हा खाट नव्हती, दोन खाटांच्या मधे जमिनीवर गादी मिळाली. तक्रार करत नाही. त्या रात्री त्या वॉर्डात जमिनीवर अकरा जणी होत्या, मी मोजल्या. झोप येत नव्हती.

ड्यूटीवरची डॉक्टरीण आमच्याच वयाची. डोळे लाल. दोन दिवस घरी गेली नव्हती. पण तिनं मला बाजूला घेऊन नीट मराठीत सांगितलं : मावशींचं हे हाड शक्य तर दोन दिवसांत बसवायला पाहिजे. जितक्या पडून राहतील तितका धोका. छाती भरते, पाठीला जखमा होतात, रक्ताची गाठ होते. म्हातारी माणसं हाडानं मरत नाहीत, पडून राहण्यानं मरतात. रॉड लागेल. योजनेत बसवून घ्या, पैसे पडणार नाहीत.

दोन दिवस. हा आकडा लक्षात ठेवा.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, २०१७ ला फुल्यांचं नाव आलं. २०२४ च्या जुलैपासून रेशनकार्ड असलेल्या प्रत्येक कुटुंबाला, पिवळं असो, केशरी असो, पांढरं असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार. कागदावर झकास आहे. मी टेबलाजवळ गेलो. तिथं आरोग्यमित्र बसतो. तोही आपल्यासारखाच पोरगा, त्याचीही नोकरी कंत्राटावर. त्यानं कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि म्हणाला, तुमच्या कार्डावर आईचं नाव नाही.

नाहीच. कारण आईचं नाव अजून सोलापूरकडच्या गावी चुलत्याच्या कार्डावर. बाप मुंबईला आला, गोदीत बदली म्हणून राबला, बदली म्हणूनच मेला. इथं आमचं कार्ड झालं तेव्हा गावचं नाव कमी केल्याचा दाखला आईनं आणला नाही. दाखला आणायला एक फेरी आणि दोन दिवसांचे घरकामाचे खाडे. त्यावेळी ते परवडलं नाही. बरं, आधार बघितलं तर त्यावर तिच्या नावाला 'बाई' लागलेलं, गावच्या कार्डावर नाही. बँकेच्या पासबुकात बापाच्या जागी नवऱ्याचं नाव. जन्मतारीख सगळीकडं एक जानेवारी, वर्षं तीन वेगवेगळी. तीन कागदांवर तीन बायका, आणि खाली गादीवर कण्हणारी एकच.

मग सुरू झाली वारी. चुलत्याला फोन. कार्ड एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठव. कंडक्टर नेमका सुट्टीवर. रेशनिंगच्या हापिसात गेलो तर सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी सर्व्हर होता, साहेब नव्हता. तिसऱ्या दिवशी साहेब होता, पण फॉर्म दुसरा पाहिजे होता. हापिसाच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक इसम बसतो, त्याच्याकडं मात्र सर्व्हर कधीच डाऊन नसतो. दोन हजारांत उद्या, म्हणाला. खरं सांगतो, खिशात असते तर दिले असते. तत्त्वबित्त्व राहिलं असतं बाजूला.

इकडं आईच्या पायाला वजन लावून ठेवलेलं. दोनाचे चार झाले, चाराचे सहा. शेजारच्या पेशंटच्या बाईनं आईला आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग विचारलं, गावात कुठं राहता? आईनं सांगितलं. त्या बाईनं आपली पाण्याची बाटली उचलून पलीकडच्या अंगाला ठेवली. तिचंही हाड मोडलेलं, तीही जमिनीवरच. एक्सरेत दोघींची हाडं सारखीच पांढरी दिसतात म्हणा.

पॅसेजमध्ये एक बॅगवाला फिरायचा. त्याला कोणाला रॉड पाहिजे ते आमच्या आधी कळायचं. अठ्ठावीस हजार. आज पैसे द्या, उद्या टेबलावर घेतात, म्हणाला. आई म्हणाली, "आरं, माझ्यापायी किती खाडे करशील? घरी ने मला, पडून राहीन." तिला वाटत होतं घरी पडणं स्वस्त.

शेवटी वाट कोणी दाखवली असेल? नगरसेवकानं? नाही. आपल्या पुढाऱ्यानं? त्यांच्याबद्दल पुढं बोलतो. वाट दाखवली वॉर्ड झाडणाऱ्या मावशीनं. आपल्याच वस्तीतली, कंत्राटावर. फरशी पुसता पुसता म्हणाली, "पोरा, योजनेच्या टेबलाला काय चिकटून बसलाय? खाली सोशल वर्करच्या खोलीत जा. पुअर बॉक्समधनं मागून घे." पुअर बॉक्स! हा फंड प्रत्येक मोठ्या म्युनिसिपल इस्पितळात असतो. सहा दिवस मी त्या खोलीवरून दिवसातून दहा वेळा गेलो होतो. पाटी इंग्रजीत. मी दहावी पास, कविता लिहितो, इंग्रजी पाटी वाचताही येते. पण 'मेडिकल सोशल वर्कर' म्हणजे माझ्यासाठी बसलेला माणूस, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या बाईंनी अर्ज लिहून घेतला, चार प्रश्न विचारले, दोन दिवसांत निम्मे पैसे मंजूर केले. बाकीचे आमच्या टोळीनं काढले. मुकादमानं स्वतः पाचशे टाकले, जो एरवी पाच मिनिटं उशीर झाला तर आईबहिणीवरून शिव्या देतो. नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी एसटीनं चुलत्याचं कार्ड आलं. मी धावत आरोग्यमित्राकडं. तो म्हणाला, आता ऑपरेशन झालं ना? आता योजना लागत नाही.

तोवर पाठीला हाताच्या पंज्याएवढी जखम पडलेली. हाड आठवड्यात सुधारलं, जखमेनं पुढचे दिवस खाल्ले. सध्या आई वॉकर धरून दारापर्यंत जाते. तिची चार घरची भांडी सुटली.

आता माझं म्हणणं ऐका.

आपल्याला दोन तपासण्या द्याव्या लागतात. पहिली डॉक्टरची, ती होते तासाभरात. दुसरी गरिबीची, ती नऊ दिवसांत होत नाही. श्रीमंताला त्याची श्रीमंती कोणी सिद्ध करायला लावत नाही. तो कार्ड काढून घासतो की झालं. गरिबाला मात्र उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन, आधार, आणि सगळ्यांवर एकच नाव, एकच काना, एकच मात्रा. ज्या बाईला शाळेची पायरी बघू दिली नाही तिच्या नावाचं शुद्धलेखन आता तुम्ही तपासता?

आणि फुल्यांचं नाव योजनेला देताना एक गोष्ट विसरलात. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर टाकून यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यातूनच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. पोर उचलताना त्यांनी विचारलं नाही की कार्डावर नाव आहे का.

मी वॉर्डात बसल्या बसल्या फोनवर जीआर वाचत गेलो. जसजसं वाचलं तसतसा जास्त भडकलो. कारण कायदे नाहीत असं नाही. आहेत. भरपूर आहेत. मुंबईतल्या मोठ्या ट्रस्टच्या इस्पितळांना, ज्यांच्या काचेच्या दारातून आपण आत पाऊल टाकत नाही, १९५० च्या ट्रस्ट कायद्याचं ४१ एए कलम लागू आहे. मुंबई हायकोर्टानं २००६ मध्ये त्याची योजना बांधून दिली : दहा टक्के खाटा निर्धनांना फुकट, दहा टक्के दुर्बलांना सवलतीत, बिलांतले दोन टक्के गरीब रुग्णांच्या फंडात. तातडीचा रुग्ण आला तर डिपॉझिट न मागता आधी दाखल करून घ्यायचं. या ट्रस्टांना करात सूट मिळते, कैकांना जमीन मिळाली. म्हणजे त्या खाटा ही भीक नाही, भाडं आहे. त्यांनी आपल्याला देणं असलेलं भाडं.

पण ते वसूल कोण करतं? २०२५ च्या एप्रिलात पुण्यात एका धर्मादाय इस्पितळावर आरोप झाला की गरोदर बाईच्या घरच्यांकडं दहा लाख डिपॉझिट मागितलं. ती बाई पुढं दगावली. तिच्या घरच्यांची थेट आमदाराशी ओळख होती. ओळख असून ही गत. आपली ओळख कोणाशी? वॉर्ड झाडणाऱ्या मावशीशी.

सरकारी इस्पितळांचंही तेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार फुकट झाले. आमच्या वस्तीतले खूश. पण मुंबईत जे.जे. येतं वैद्यकीय शिक्षण खात्याकडं, केईएम, सायन, नायर महापालिकेकडं, कामगार इस्पितळं विमा योजनेकडं. त्या घोषणेत ही नव्हती. आजारी माणसाला सगळी लालभडक क्रॉसची इस्पितळं सारखीच. कुठल्या दारात कुठला कायदा सुरू होतो आणि कुठं संपतो, हे कळायला वेगळी मॅट्रिक पाहिजे.

आणि माझा स्वतःचा गाढवपणा ऐका. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घातला गेला आणि १९४८ ला कायदा झाला. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे पाऊण टक्का कापायचे, मालकानं सव्वातीन टक्के भरायचे, आणि कामगारासोबत त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापालाही उपचार. हे मी जयंतीच्या भाषणात टाळ्या घेत सांगितलंय. पण माझा ठेकेदार माझे भरतो का? मी कधी विचारलं नव्हतं. आम्हाला पगाराची चिठ्ठी नसते, पाकीट असतं. टोळीतल्या एकाकडंही विम्याचा नंबर निघाला नाही. भाषण ठोकणारा मी, आणि माझीच आई जमिनीवर.

एकेकाळी शास्त्र कानावर पडलं तर शूद्राच्या कानात तापलेलं शिसं ओता म्हणणारे होते. आता शिसं ओतत नाहीत. आता शास्त्र इंग्रजीत लिहितात, पीडीएफ करतात आणि पाटी अशा ठिकाणी लावतात जिथं खालून बघणाऱ्याला दिसत नाही. १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली, कारण ती आपले हक्क हिसकावणारी पोथी होती. हे कागद वेगळे आहेत. यांत आपले हक्क लिहिलेत. हे जाळून चालणार नाही, हे वाचायचेत. जाळण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे, मान्य. घोषणा देता येत नाहीत.

आता पुढाऱ्यांबद्दल. चिठ्ठी देणारे आपलेही झालेत. 'यांना सहकार्य करावे' अशी चिठ्ठी, खाली निळा शिक्का, आणि डिस्चार्जच्या दिवशी हार घालून फोटो. जो हक्क आहे तो उपकार करून देणारा तो दलाल, मग त्याच्या गळ्यात पंचा निळा असो की भगवा. आणि तुम्ही पोरं! रात्री अकराला पंचवीस जण वॉर्डात घुसायचं, आणि हाती सापडेल त्या निवासी डॉक्टरची कॉलर धरायची. हे मीही केलंय, चार वर्षांपूर्वी, लाज वाटते. औषध बाहेरून आणायला लावणारी ती पोरगी नव्हे, औषधच न खरेदी करणारे दुसरीकडं एसीत बसलेत. कॉलर जवळ असते म्हणून आपण तीच धरतो.

नांदेड आठवा. २०२३ च्या सप्टेंबरअखेर तिथल्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांत बारा अर्भकं. एक खासदार आला. औषधांचे पैसे कुठं अडले, नर्सच्या किती जागा रिकाम्या, हे विचारण्याच्या आधी त्यानं डीनच्या हातात झाडू दिला आणि संडास साफ करायला लावला. कॅमेऱ्यासमोर. डीन आदिवासी. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. या देशात काही बिघडलं की झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलं असतं. रागावलेल्या जमावानं टाळ्या वाजवल्या असतील, पण त्या झाडूनं एक सलाइन आली नाही.

दुसरीकडं बघा. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली हकीम शेख नावाचा माणूस रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवला. शेवटी खाजगीत पैसे मोजून वाचला. तो शेतमजुरांच्या संघटनेतला होता. संघटनेनं डॉक्टर बडवले नाहीत, सुप्रीम कोर्ट गाठलं. १९९६ ला कोर्टानं सांगितलं की तातडीच्या वेळी सरकारी इस्पितळानं उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला, आणि २५ हजार भरपाई द्यायला लावली. पंचवीस हजार ही काही फार मोठी रक्कम नव्हे. पण त्या निकालाचा कागद आज आपल्या खिशात असू शकतो. कोणाच्या खिशात आहे? कॅज्युअल्टीत उभं राहून त्याचं नाव घेणारा एक तरी पोरगा आपल्या शाखेत आहे?

म्हणून शाखेत बसून आम्ही ठरवलंय. दर रविवारी सकाळी दहाला विहारात टेबल मांडायचं. वस्तीतल्या प्रत्येक घराची रेशनकार्डं, आधार तपासायची. कोणाचं नाव गावाकडं अडकलंय, कोणाच्या नावात फरक आहे याची वही करायची, आणि माणसं धडधाकट आहेत तोवर दुरुस्त करून घ्यायची. हाड मोडल्यावर नव्हे. उत्पन्नाचे दाखले मुदत संपायच्या आत नवे काढायचे. जवळच्या इस्पितळाच्या दारात संध्याकाळी सहा ते नऊ दोघांनी बसायचं, शर्टाला बिल्ला नाही, बॅनर नाही, फोटो तर नाहीच. आलेल्या नातेवाइकाला फक्त सांगायचं : सोशल वर्करची खोली इकडं, योजनेचं टेबल तिकडं, अडलं तर १५५३८८ ला फोन लाव, तातडीचं असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. बॅगवाल्याला आज पैसे देऊ नको, आधी लेखी माग. धर्मादाय इस्पितळात रिकाम्या राखीव खाटा किती ते विचार, नाही म्हणाले तर तेही लेखी माग. 'लेखी द्या' या दोन शब्दांनी भल्याभल्यांचा आवाज खाली येतो, हे मी स्वतः बघितलंय, उशिरा का होईना.

टोळीतल्या बावीस जणांनी ठेकेदाराकडं विम्याचा नंबर लेखी मागितलाय. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. दोघांना मात्र परवापासून पाळी मिळालेली नाही. त्यांची नावं इथं छापत नाही. त्यांच्या घरी तांदूळ पोचवायचं काम कोण घेतो ते रविवारी सांगा.

ती मावशी, जिनं पुअर बॉक्सची खोली दाखवली, तिला अंक द्यायला गेलो होतो. तिचं कंत्राट गेल्या महिन्यात बदललं. नव्या ठेकेदारानं तिचीही कागदपत्रं मागितलीत, आणि तिच्या आधारवरचं नाव नि बँकेतलं नाव जुळत नाही. वहीत पहिलं नाव तिचं लिहिलंय.

कविता पाठवत राहा. या अंकात जागा कमी पडली, पुढच्या वेळी घेतो. पाठवताना घरातलं रेशनकार्ड एकदा उघडून बघा, आईचं नाव आहे का.